खुब्याचं रिसरफेसिंग आणि विम्याचा क्लेम : आधी कागद, मग ऑपरेशन

वेळ अमावस्येला शेतात कोपीपुढं पंगत बसली आणि मला मांडीच घालता येईना. उजवा पाय आत वळतच नव्हता. वय बेचाळीस. घरात सगळ्यांचं एकमत झालं की वात आहे. दोन महिने तेल चोळण्यात गेले, मग एमआरआय झाला आणि नाव कळलं : एव्हीएन. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा आतून मरत चाललेला.

मी लातूरच्या मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब लिहितो. पट्टी आणि पावती जुळवण्यात उभा जन्म गेला, तरी रिसरफेसिंगचा माझा स्वतःचा क्लेम पहिल्या फटक्यात नामंजूर झाला. कारण होतं केस पेपरवरची अर्धी ओळ. त्यानंतर आमच्या भागातल्या पाच-सहा जणांच्या फायली मी लावून दिल्या. त्या सगळ्यातून जे शिकलो ते इथं क्रमानं सांगतो. ऑपरेशन कुणाकडं करावं यावर बोलायचा माझा अधिकार नाही. कागदावर मात्र आहे.

रिसरफेसिंग म्हणजे काय, आणि विमा कंपनी त्यावर का अडते

आपल्याकडं सगळ्यालाच ‘बॉल बदलला’ म्हणतात, पण या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. पूर्ण खुबाबदलात, म्हणजे टोटल हिप रिप्लेसमेंटमध्ये (टीएचआर), मांडीच्या हाडाचा गोळा मानेसकट कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत दांडा बसवतात. रिसरफेसिंगमध्ये गोळा राहतो. तो फक्त तासून त्यावर धातूची टोपी चढवतात आणि वाटीत धातूचं अस्तर बसवतात. हाड शिल्लक राहतं, त्यामुळं पुढं कधी पूर्ण बदल करायची वेळ आली तर मांडीकडच्या बाजूला डॉक्टरला काम करायला जागा असते. आजची पद्धत रुळली ती इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये डेरेक मॅकमिन यांच्या कामातून, १९९७ च्या सुमारास. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं तिथल्या बर्मिंगहॅम इम्प्लांटला २००६ मध्ये मान्यता दिली.

ही शस्त्रक्रिया सगळ्यांना चालत नाही. तरुण किंवा मध्यमवयीन पुरुष, गोळा मोठा, हाड दणकट, किडन्या ठीक, असा पेशंट लागतो. एव्हीएनमध्ये गोळ्याचा बराच भाग बसला असेल तर टोपीला आधारच उरत नाही. स्मिथ अँड नेफ्यू कंपनीनं २०१५ मध्ये आपलं बर्मिंगहॅम इम्प्लांट स्त्रियांसाठी आणि ४६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोळ्यांसाठी वापरू नका असं कळवलं, कारण त्या गटांत ते जास्त निकामी होत होतं. म्हणून बहिणीसाठी किंवा आईसाठी विचारत असाल तर आधी डॉक्टरांशी याच मुद्द्यावर बोला. विम्याचं पुढचं पुढं.

आता अडण्याचं कारण. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरू शकतात. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीनं आपलं एएसआर इम्प्लांट ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावलं. त्यात रिसरफेसिंगचा प्रकारही होता आणि पूर्ण बदलाचाही. भारतात त्यासाठी केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमून भरपाईचं सूत्र ठरवावं लागलं. हे प्रकरण विमा कंपनीच्या डॉक्टरांना पाठ असतं. फाईलवर ‘मेटल ऑन मेटल’ दिसलं की ते दोन प्रश्न जादा विचारणार, आणि विचारलेच पाहिजेत. आपलं काम एवढंच की उत्तर फाईलमध्ये आधीच असावं.

पहिली पायरी : पॉलिसी काढा आणि पाच ठिकाणं वाचा

एजंट ‘सगळं कव्हर आहे मालक’ म्हणतो. त्याच्यावर रागवू नका, पण त्याच्या शब्दावर लातूर सोडून पुण्याची गाडीही पकडू नका. पॉलिसीचं पहिलं पान पुरत नाही, सगळ्या अटींची पुस्तिका लागते. ती नसेल तर कंपनीला ईमेल करून मागवा.

पहिलं ठिकाण, वेटिंग पीरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळेपर्यंत थांबायची मुदत. इथं दोन घड्याळं चालतात आणि लोक एकच बघतात. एक घड्याळ ठरावीक आजारांचं, एक्स्क्ल्युजन कोड ०२ (पॉलिसीतल्या वगळण्याच्या कलमांना असे क्रमांक असतात). सांधेबदल बहुतेक पॉलिसींत याच यादीत असतो आणि मुदत साधारण २४ महिन्यांची असते. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत मात्र सांधेबदल लांबच्या मुदतीच्या यादीत टाकलेला आहे, आधी ती मुदत ४८ महिने होती. २०२४ च्या नियमांनी अशा सगळ्या मुदतींना ३६ महिन्यांची कमाल मर्यादा घातली. दुसरं घड्याळ आधीपासूनच्या आजाराचं, कोड ०१. त्याचीही कमाल आता ३६ महिने. आजार दोन्हींत बसत असेल तर जी मुदत लांब ती लागू. आणि कोड ०२ ची मुदत आजार पॉलिसीनंतर झाला तरी लागतेच, फक्त अपघाताला सूट. मोटारसायकलवरून पडून गोळ्याची मान मोडली आणि त्यातून एव्हीएन झालं असेल, तर अपघाताचे कागद सोन्यासारखे जपा.

यातच एक खाच आहे. मध्ये कधी विमा रक्कम ३ लाखांची ५ लाख केली असेल, तर वाढलेल्या २ लाखांसाठी घड्याळ नव्यानं सुरू होतं.

दुसरं ठिकाण, ‘सांधेबदल’ या शब्दाची व्याख्या आणि त्यावरची मर्यादा. काही पॉलिसींत एका सांध्याला ठरावीक रक्कम लिहिलेली असते, मग तुमची पॉलिसी दहा लाखांची असली तरी हातात तेवढंच. रिसरफेसिंगचं वेगळं नाव तुम्हाला बहुधा सापडणार नाही. त्यावरून ‘कव्हर नाही’ असा अर्थ काढू नका. आरोग्य विम्यात जे वगळलंय ते लिहिलेलं असतं आणि उरलेलं, वैद्यकीय गरज असेल तर, चालतं. तुमची पॉलिसी नावं दिलेल्या आजारांवर ठोक रक्कम देणारी असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरं, कोड १६ : सिद्ध न झालेले उपचार. रिसरफेसिंगवर आक्षेप आलाच तर इथून येतो. उत्तर पुढं सर्जनच्या पत्रात आहे.

चौथं, कोड १२ : दारू आणि व्यसनांमुळं झालेले आजार. यावर पुढं स्वतंत्र बोलू, कारण एव्हीएनचे क्लेम सगळ्यात जास्त इथं अडखळताना मी पाहिलेत.

पाचवं, खोलीभाडं. समजा पॉलिसीत दिवसाला ५,००० ची मर्यादा आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. वरचे तीन हजार खिशातून जातील एवढंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर या सगळ्यावर पाच-अष्टमांश हिशेब लागतो. अशा खर्चाचं बिल १,६०,००० असेल तर मंजूर १,००,०००. साठ हजार गेले, एका खिडकीच्या खोलीपायी. पण हेही लक्षात ठेवा की इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांवर ही प्रमाणात कपात लावता येत नाही, तसा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या नियामक संस्थेचा, नियम आहे. इम्प्लांटच्या रकमेतही कपात दिसली तर डिस्चार्जच्या आधीच लेखी आक्षेप घ्या.

दुसरी पायरी : केस पेपर

माझी अर्धी ओळ आता सांगतो. माझी पॉलिसी अडीच वर्षांची होती. कंबर तीन वर्षांपासून अधूनमधून धरायची. खुबा दुखायला लागून आठ महिने झालेले. ओपीडीत ज्युनियर डॉक्टरनं विचारलं, ‘किती दिवसांपासून दुखतंय काका?’ मी म्हणालो, ‘कंबर तीन वर्षांपासून, आणि आता हे.’ त्यानं लिहिलं : उजवा खुबा दुखतो, तीन वर्षे. मी वाचलंच नाही. चार आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं, आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि आपण तो लपवला.

म्हणून केस पेपर हातात आला की काउंटर सोडायच्या आधी तो वाचायचा. इंग्रजी कळत नसेल तर मेडिकल दुकानदाराला वाचायला लावा. चार गोष्टी बघा : कुठला सांधा, डावा की उजवा, दुखणं कधीपासून, आणि कारण काय लिहिलंय. चूक असेल तर त्याच डॉक्टरकडून तिथंच दुरुस्त करून, सही-तारीख घालून घ्या. स्वतःच्या पेननं एक अक्षरही खोडू नका. खाडाखोडीचा कागद म्हणजे आमच्या अडतीवरची खोडलेली पट्टी, व्यापारी ती हातात धरत नाही.

खोटं लिहून घ्या असं मी सांगत नाहीये, हे स्पष्ट करतो. तीन वर्षं दुखत असेल आणि त्यासाठी डॉक्टर गाठले असतील तर तसंच लिहिलं पाहिजे. पण आधीपासूनचा आजार कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरलेली आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरनं सल्ला वा उपचार दिले, तो आजार. नुसती कुरकुर, जिच्यासाठी डॉक्टरची पायरी चढलाच नाहीत, ती या व्याख्येत बसत नाही. माझा क्लेम फिरला तो याच वाक्यावर. विमा घेतल्यानंतर चार महिन्यांनी मी कंबरेसाठी एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांच्या पेपरवर ‘कंबरदुखी, दोन्ही खुब्यांची हालचाल पूर्ण’ असं लिहिलेलं सापडलं, तेही बायकोनं पिवळ्या पिशवीत जपून ठेवलं म्हणून.

आणि पॉलिसीला सलग ६० महिने झाले असतील तर माहिती लपवली या मुद्द्यावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. त्याला मोरेटोरियम म्हणतात. पूर्वी तो आठ वर्षांचा होता.

आता दारू. एव्हीएनची ओळखीची कारणं म्हणजे दारू, स्टेरॉइड, मार, सिकल सेल. बऱ्याच पेशंटांत कारण सापडतच नाही. कोविडच्या काळात स्टेरॉइड घ्यावं लागलेल्या अनेकांना नंतर हा आजार झाला. दमा, त्वचारोग, कधी गुडघेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या, यांतूनही स्टेरॉइड पोटात गेलेलं असतं. डॉक्टर विचारतात, ‘पिता का?’ आपला माणूस लाजून हसतो, सोबतचा मेहुणा म्हणतो, ‘कधीमधी.’ पेपरवर येतं ‘अल्कोहोलिक’. झालं, कोड १२.

डॉक्टरांना खरं सांगा, लपवलं तर भूल देताना जीवावर येईल. पण नेमकं सांगा : किती, किती दिवसांनी, कधीपासून बंद. आणि ते नेमकंच लिहायची विनंती करा. वर्षातून दोनदा लग्नात घेणारा आणि रोज क्वार्टर संपवणारा यांना एकच शब्द लागू नये. स्टेरॉइडचा इतिहास असेल तर त्या वेळचं प्रिस्क्रिप्शन किंवा कोविडचं डिस्चार्ज कार्ड फाईलला लावा. कारण माहीत नसेल तर डॉक्टरांनी ‘कारण अज्ञात’ असं लिहिणं हे पूर्णपणे वैद्यकीय उत्तर आहे.

तिसरी पायरी : सर्जनचं पत्र

हे पत्र नसेल तर बाकी फाईल लंगडी. सर्जन कामात असतात, त्यामुळं मुद्दे एका कागदावर लिहून न्या. पत्रात असं यावं :

निदान आणि बाजू, एमआरआयच्या तारखेसह. एव्हीएनची अवस्था आणि गोळ्याचा किती भाग बाधित आहे. आतापर्यंत काय केलं : गोळ्या, काठी, फिजिओथेरपी, कोअर डीकॉम्प्रेशन (गोळ्यात छिद्र पाडून आतला दाब कमी करणं) झालं असेल तर त्याची तारीख. पेशंटला रोजच्या कामात काय जमत नाही, आणि हे मोघम नको. ‘चालताना त्रास’ यापेक्षा ‘तीनशे मीटरच्या पुढं चालता येत नाही, जिना एकेक पाय टाकून चढतो, खाली बसता येत नाही’ हे वजनदार. मग मुख्य मुद्दा : पूर्ण बदल न करता रिसरफेसिंगच का. वय, गोळ्याचा मोजलेला आकार, हाडाची घनता, किडनीच्या तपासण्या ठीक असल्याचा उल्लेख, आणि पुढं पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर हाड वाचण्याचा फायदा. शेवटी, इम्प्लांटला भारतात औषध नियंत्रकांची मान्यता आहे हे वाक्य, आणि आयात परवान्याची प्रत पुरवठादाराकडून जोडलेली. कोड १६ ला हेच उत्तर आहे : मान्यताप्राप्त इम्प्लांट, वर्षानुवर्षं रुळलेली पद्धत, आणि हा पेशंट तिच्या निकषात बसतो.

एक आगंतुक सल्ला. काही हॉस्पिटलांचे टीपीए डेस्कवाले, म्हणजे विम्याचे कागद बघणारे, म्हणतात, ‘रिसरफेसिंग लिहू नका दादा, टीएचआर टाकू, पटकन पास होतं.’ ऐकू नका. ऑपरेशन नोट, इम्प्लांटचा स्टिकर आणि नंतरचा एक्स-रे तिन्ही वेगळं बोलतील आणि मग ती चुकीची माहिती तुमच्या नावावर लागेल, डेस्कवाल्याच्या नाही.

चौथी पायरी : अंदाजपत्रक

गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारनं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. खुब्याच्या इम्प्लांटवर तशी मर्यादा नाही. त्यामुळं इम्प्लांटचं कोटेशन वेगळं, कंपनी आणि मॉडेलच्या नावासह, छापील किमतीसह मागा. दोन हॉस्पिटलांचं घ्या. हॉस्पिटल ‘पॅकेज’ म्हणेल, पण त्यात इम्प्लांट, खोली, थिएटर, सर्जन, भूल, औषधं आणि फिजिओथेरपी वेगवेगळी लिहून मागा. रोबोट वापरणार असतील तर विचारा, कारण रोबोटिक शस्त्रक्रियेवर बऱ्याच पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. शिवाय हातमोजे, मास्क, वॉकर अशा न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ जिनसांची यादी पॉलिसीला जोडलेली असते. हे पैसे जवळ ठेवा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी फोनाफोनी.

पाचवी पायरी : कॅशलेस

रिसरफेसिंग करणारे सर्जन मोजके, त्यामुळं मराठवाड्यातून पेशंट पुणे-मुंबईला किंवा हैदराबाद-चेन्नईला जातो. नांदेडच्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, लातूर-धाराशिवच्या माणसाला पुणे. जाण्याआधी त्या हॉस्पिटलचं नाव कंपनीच्या यादीत आहे का ते कंपनीला विचारा, हॉस्पिटलला नाही. यादीत नसलं तरी जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ची सोय आहे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना ४८ तास आधी द्यावी लागते. प्रत्यक्षात मी तर म्हणेन आठ दिवस आधी द्या. हॉस्पिटल तयार नसेल तर हीही सोय कागदावरच राहते.

प्री-ऑथ फॉर्म, म्हणजे कॅशलेसची आगाऊ मंजुरी मागणारा अर्ज, हॉस्पिटल भरतं, पण पाठवायच्या आधी वाचा. आजाराचा कोड, बाजू, दुखणं कधीपासून, या तिन्ही गोष्टी सर्जनच्या पत्राशी जुळल्या पाहिजेत. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपुढं कंपनीमुळं उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीनं सोसायचा. व्यवहारात पहिल्या तासात ‘क्वेरी’ येते. ती तोंडी सांगितली तर स्वीकारू नका, छापून घ्या, आणि उत्तर त्याच दिवशी, मुद्देसूद, कागद जोडून.

मंजुरी आली तरी ती पहिली मंजुरी असते, पूर्ण बिलाची हमी नसते. मोठा आकडा बघून पेढे वाटू नका.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. पैसे भरून नंतर परतफेड मागता येते, मी तेच केलं, अडतीवरून उचल घेऊन. परतफेडीला मूळ कागद लागतात : डिस्चार्ज कार्ड, तपशिलाचं बिल, पावत्या, ऑपरेशन नोट, इम्प्लांटचं बिल आणि त्यावरचा स्टिकर, आधीचे-नंतरचे एक्स-रे, एमआरआय, पहिला केस पेपर, बँकेचा रद्द केलेला चेक. डिस्चार्जनंतर साधारण ३० दिवसांत पाठवायचे असतात, तुमच्या पॉलिसीत मुदत बघून घ्या. सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच काढा आणि स्पीड पोस्टची पावती फाईलला टाचा. शस्त्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्चही मागता येतो, बऱ्याच पॉलिसींत ३० आणि ६० दिवस. एमआरआयचं बिल त्यातच बसतं. लोक ते फेकून देतात.

नाकारलं तर

आधी कारण लेखी, पॉलिसीच्या कलमासह मागा. नियम असा आहे की कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. तुमच्या पत्रात तो उल्लेख आहे का विचारा. हा प्रश्न विचारला की समोरच्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र. एका पानाचं. रडगाणं नको, कलम आणि पुरावा : ‘आपण कोड ०१ लावलात. व्याख्येनुसार निदान किंवा सल्ला-उपचार पॉलिसीआधीचे हवेत. एमआरआय अमुक तारखेचा, पॉलिसीनंतरचा. सोबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा खुलासा.’ सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं धक्के खात जायची गरज पडतेच असं नाही. निकाल तुमच्या बाजूनं लागला की कंपनीला तीस दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये दंड, तोही तुम्हाला. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट दोन वर्षांपर्यंत खुली असते, पण तिथं वेळ जातो. एकाच वेळी दोन्हीकडं जाता येत नाही.

माझं प्रकरण लोकपालापर्यंत गेलंच नाही. ज्युनियर डॉक्टरच्या वरिष्ठांनी लिहिलेला खुलासा आणि पिवळ्या पिशवीतला तो जुना पेपर, या दोन कागदांवर तक्रार अधिकाऱ्यानं क्लेम पुन्हा उघडला.

विमाच नसेल, किंवा पुरत नसेल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा पहिला दरवाजा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि वेटिंग पीरियड नाही. पण इथं उपचार ठरलेल्या पॅकेजनं होतात. खुबाबदल होतो, इम्प्लांट मात्र तुम्ही निवडत नाही. रिसरफेसिंगचाच आग्रह असेल तर आधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) पॅकेजची यादी उघडायला लावा आणि ते पॅकेज फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे का तेही विचारा. हेल्पलाइन १५५३८८. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, विष्णुपुरीचं नांदेडचं मेडिकल कॉलेज, लातूर आणि अंबाजोगाई इथं आरोग्यमित्र बसतो. माझं प्रामाणिक मत : पैशाची ओढाताण असेल तर रिसरफेसिंगच्या हट्टापायी शेत गहाण टाकू नका. पूर्ण खुबाबदल ही जुनी, पक्की शस्त्रक्रिया आहे, आणि ती इथं जवळ होते.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीत खुबाबदल आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. दाखला भरती व्हायच्या आधी काढा, नंतर तलाठी सापडत नाही.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांनी आधी ईएसआयसी (कामगार राज्य विमा) आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी तपासावी. ग्रुप पॉलिसीत बहुधा वेटिंग पीरियड माफ असतो. नोकरी सोडायच्या बेतात असाल तर ऑपरेशन आधी उरकायचं की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचं, हे राजीनाम्याच्या आधी ठरवा.

टाके काढल्यावर

इम्प्लांटच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून घरच्यांनाही पाठवा. त्यावर लॉट नंबर असतो. एएसआरच्या वेळी कितीतरी पेशंटांना आपल्या खुब्यात काय आहे हेच सांगता येत नव्हतं. डॉक्टर सांगतील तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमची रक्ततपासणी करा. ती ओपीडीतली असते, पॉलिसीत ओपीडी नसेल तर खर्च आपला.

पॉलिसी तुटू देऊ नका. क्लेम घेतला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. एव्हीएन पुष्कळदा दोन्ही खुब्यांत येतं. माझ्या डाव्या खुब्याचा एमआरआय दर वर्षी होतो, अजून डाग लहान आहे. त्याचे रिपोर्ट त्याच पिवळ्या पिशवीत, तारखेच्या क्रमानं लावून ठेवलेत. आणि आता ओपीडीत कुणी ‘किती दिवसांपासून?’ विचारलं, की कंबरेचं आणि खुब्याचं मी वेगवेगळं सांगतो आणि तो लिहीत असताना कागदात डोकावून बघतो.